शस्त्रदालनांच्या चालकांना खुले पत्र : जुन्या पात्यांना पॉलिश करणे थांबवा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक, संस्थात्मक व खासगी संग्रहालयांचे विश्वस्त आणि अभिरक्षक

सन्माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका संग्रहालयाने अलीकडेच आपल्या शस्त्रदालनाच्या नूतनीकरणाची छायाचित्रे जाहीर केली. प्रत्येक चित्रात डावीकडे काळपट, डागाळलेली तलवार आणि उजवीकडे तीच तलवार, आरशासारखी लखलखणारी. दालनातल्या शस्त्रांना त्यांचे मूळ तेज परत मिळवून दिले आहे आणि कोठीतल्या उरलेल्या शस्त्रांचे कामही पावसाळ्याआधी पूर्ण होईल, असे सोबतच्या निवेदनात म्हटले होते. लोकांनी भरभरून कौतुक केले. आणखी काही संस्था त्याच ठेकेदाराकडे चौकशी करत असल्याचेही माझ्या कानावर आले आहे.

म्हणून हे पत्र त्या एका संस्थेला न लिहिता आपणा सर्वांना लिहितो आहे. ते उघड लिहितो आहे, कारण ज्या घरांनी ही शस्त्रे विश्वासाने आपल्या हवाली केली त्या घरांनीही ते वाचायला हवे.

मी जुनी शस्त्रे जमवतो आणि त्यांची निगा राखतो. ढिली झालेली मूठ पुन्हा बसवण्याचे काम एका वयोवृद्ध शिकलगार, म्हणजे पात्यांना धार आणि झळाळी देणाऱ्या, उस्तादांच्या हाताखाली शिकलो. पण हे पत्र लिहिण्याचे कारण याहून जवळचे आहे. त्या छायाचित्रांतली एक तलवार आमच्या घरातली आहे.

ती फिरंग आहे. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर जर्मन, इटालियन, स्पॅनिश पाती उतरत. इथल्या कारागिरांनी त्यांना इथल्या हाताला मानवेल अशी मूठ चढवली, आणि मराठ्यांच्या कमरेला ती फिरंग म्हणून लटकली. आमच्या फिरंगेच्या पात्यावर दोन्ही अंगांना दातेरी अर्धचंद्राची खूण होती. अशा खुणा इटलीतल्या पात्यांवर असत, आणि मागणी इतकी होती की इतर ठिकाणचे लोहारही त्यांची नक्कल करत. परजेच्या, म्हणजे मुठीवर हाताचे रक्षण करणाऱ्या भागाच्या, आतल्या अंगाला ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली चार देवनागरी अक्षरे होती. पहिली दोन लागत, पुढची दोन आजोबांना लागली नाहीत, वडिलांना नाही आणि मलाही नाही. पात्याच्या पाठीवर खाचा होत्या. मुठीच्या आत, बोटांच्या मागे, जीर्ण तांबड्या कापडाची गादी होती. वडिलांनी ती तलवार संग्रहालयाला दिली तेव्हा ‘आहे त्या स्थितीत जतन करण्यासाठी’ असे पावतीवर लिहून घेतले होते.

आता त्या परजेवर अक्षरे नाहीत. पात्याच्या एका अंगाची खूण पुसून गेली आहे, दुसऱ्या अंगाला तिची पुसट सावली तेवढी उरली आहे. पाठीवरच्या खाचा घासून सपाट केल्या आहेत. मुठीत लालभडक नवे मखमल चिकटवले आहे. आम्हाला कोणी विचारले नाही, कळवलेही नाही.

जुन्या पात्यावरचा सगळा काळेपणा म्हणजे घाण, या समजुतीतून हे घडते. लोखंडावर दोन प्रकारचे थर असतात. एक तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज. तो जिवंत असतो, पाते खात राहतो, आणि त्याला थांबवलेच पाहिजे. दुसरा गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला थर. तो वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याने आणि हाताळणीने स्थिरावलेला असतो आणि खालच्या धातूचे बऱ्याच अंशी रक्षणच करतो. त्याच थरात आणि त्याच्या लगत खालच्या पातळ कवचात खुणा, अक्षरे, नक्षी, जुन्या धार लावण्याच्या रेघा आणि वारांच्या खाचा असतात. तो थर चाकावर धरून उतरवणे म्हणजे मोडी दस्तऐवजावरची शाई खरवडून ‘कागद पांढराशुभ्र केला’ असे सांगण्यासारखे आहे. जपानमध्ये पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीवरचा गंज कधीही काढत नाहीत, कारण पात्याचे वय आणि कारागीर ओळखण्याचा तो एक मोठा आधार मानतात. तिथे पात्याला झळाळी देण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे, आणि तरीही शेपटीला हात लावायचा नाही हा दंडक आहे.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार बफच्या चाकाविषयी आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. जिन्याचे कठडे आणि स्टीलची भांडी चमकवण्यासाठी असलेले विजेवर फिरणारे चाक तलवारीच्या पात्यावर चालवले जाते. त्याने तीन गोष्टी होतात. पात्याच्या पन्हळींच्या, म्हणजे लांबीभर काढलेल्या खोलगट चरांच्या, तीक्ष्ण कडा गोलावतात. पन्हळीची कड किती सरळ आणि किती धारदार आहे त्यावरून लोहाराचा हात ओळखता येतो, तो ओळखण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. दुसरे म्हणजे पाते तापते. धार पातळ असते, चाकाखाली ती क्षणात गरम होते. पोलादाचे तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यावर पिवळसर झाक येते, ३०० च्या आसपास निळसर, आणि त्या जागी लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे धारेचा कठीणपणा, उतरायला लागते. अशी निळी झाक मी एका नूतनीकरण झालेल्या पात्याच्या टोकाजवळ स्वतः पाहिली आहे. तिसरे म्हणजे जौहर, पोलादात दिसणारी लहरींची नक्षी, जातो.

जौहराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या दख्खनचे हे वैभव आहे. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत आणि दक्षिणेत इतरत्र मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारी द्रव्ये एकत्र वितळवून पोलादाच्या वड्या तयार करत. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असे. या वड्या इराण आणि पश्चिम आशियात जात. जगाला दमास्कसच्या नावाने माहीत असलेली कित्येक पाती याच पोलादाची होती. वडी अतिशय सावकाश थंड झाली आणि लोहाराने ती फार न तापवता, संयमाने ठोकली तर कार्बनने कठीण झालेल्या सूक्ष्म कणांच्या ओळी पात्यात तयार होतात. पाते नीट घासून त्यावर सौम्य आम्लासारखे द्रावण फिरवले की त्या ओळी पाण्यावरच्या लहरींसारख्या दिसू लागतात. तोच जौहर. काळपट झालेल्या पात्यातही तो झोपलेला असतो, तिरक्या उजेडात कुठेकुठे दिसतो. बफने त्यावर चकचकीत, लेपटलेला थर येतो आणि सगळे पाते कारखान्यातल्या पत्र्यासारखे एकसारखे दिसू लागते. जाणकाराने पुढे पुन्हा द्रावण फिरवून तो वर आणला तरी मधल्या काळात गेलेला धातू परत येत नाही. आणि एकदा पाते लखलखीत पांढरे झाले की ते जौहरदार होते हे कोणाच्या लक्षातच येत नाही, नोंदवहीत ते ‘साधी तलवार’ म्हणून जाते.

सोन्याच्या कामाचे तर विचारूच नका. तहनिशान कामात धातूत खोल खाच काढून त्यात सोन्याची तार बसवतात, ती थोडीफार झीज सोसते. पण आपल्याकडच्या बहुतेक मुठींवर कोफ्तगिरी आहे. त्यात पोलादावर अतिशय बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढून त्या खडबडीत पृष्ठावर सोन्याचांदीची तार हलकेच ठोकून धरवलेली असते. ती कुठेच खोल गेलेली नसते. ब्रासो लावून जोराने फडके फिरवले तरी ती उडते, मग चाकाने काय होत असेल? नूतनीकरणानंतरच्या कितीतरी मुठींवर सोने गेले आहे आणि फक्त त्या रेघांचे जाळे उरले आहे. पाहणाऱ्याला वाटते, ही मूठ पहिल्यापासून साधीच होती.

खुणांचे मोल किती असते याची दोन उदाहरणे देतो. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातल्या शस्त्रागाराच्या कित्येक हत्यारांवर ठिपक्यांनी ठोकलेला देवनागरी मजकूर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या बाजूने दख्खनेत लढणाऱ्या महाराजा अनुपसिंहांनी अदोनीहून आणलेली हत्यारे त्या मजकुरामुळे आज जगात कुठेही ओळखता येतात. तो मजकूर नसता तर ती दख्खनी बनावटीची आहेत एवढेच म्हणता आले असते, कोणत्या वर्षी कोणत्या किल्ल्यात होती हे कधीच कळले नसते. दुसरे उदाहरण तर ताजे आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची. ती त्यांची आहे हे कशावरून ठरले? पाठीवर सोन्याने काढलेल्या देवनागरी ओळीवरून. त्या ओळीवर कोणी चाक फिरवले असते तर आज आपण ती तलवार ओळखलीही नसती. आपल्या कोठ्यांत नाव न लागलेल्या शेकडो फिरंगा, धोपा, पट्टे आणि कट्यारी आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या पाठीवर गंजाखाली काय लिहिले आहे हे अजून कोणी नीट पाहिलेलेही नाही. पाहण्याआधीच पुसायचे, हे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार मुठींची. भारतीय तलवारीचे पाते मुठीत खिळ्यांनी नव्हे तर बहुधा लाखेने धरलेले असते. पोकळ मुठीत गरम लाख किंवा राळ, तिच्यात विटेची भुकटी किंवा तत्सम भर घालून ओततात आणि पात्याची आखूड शेपटी त्यात रोवतात. फिरंगेला आणि खंड्याला याशिवाय मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या पट्ट्या ठोकून जास्तीचा आधार दिलेला असतो. काळाने लाख वाळते, ठिसूळ होते, मूठ हलू लागते. यात घाबरण्यासारखे काही नाही. लाख वापरण्यामागचे शहाणपणच हे, की मंद उष्णतेने ती सैल करता येते, पाते बाहेर काढता येते आणि पुन्हा बसवता येते. पूर्वी लढाईतून परतलेल्या तलवारींची मूठ अशीच दुरुस्त होई. एकेका पात्याने तीन-तीन मुठी पाहिल्या असतील. त्या जुन्या बदलांना माझा आक्षेप नाही, तो त्या शस्त्राच्या आयुष्याचाच भाग आहे.

आक्षेप आहे तो आज मुठीत इपॉक्सी हा पक्का चिकट पदार्थ भरण्याला. ते पुन्हा सुटत नाही. पुढे कोणाला पात्याच्या शेपटीवरची खूण पाहायची असेल, आतला गंज थांबवायचा असेल, तर मूठ कापावी लागेल. काही ठिकाणी तर मुठीतून आरपार भोक पाडून बोल्ट घातलेला मी पाहिला आहे. शिवाय, बाहेर काढलेली जुनी लाख सरळ केरात जाते. त्या लाखेत कोणती भर होती यावरून मूठ कुठे आणि कधी बसवली याचा माग लागू शकतो, पण तसे कोणी विचारातच घेत नाही.

गादीचे मला सर्वाधिक वाईट वाटते. मुठीच्या आत शिवलेली ती कापडी गादी बोटांच्या पाठीला परजेचा मार लागू नये म्हणून असते. कापड, कापूस, शिवण, कधी कशिदा, हे सगळे लोखंडापेक्षा कितीतरी लवकर नाश पावते. म्हणून मूळ गादी टिकून राहिलेली तलवार दुर्मीळ असते. ज्या माणसाने ती तलवार खरोखर वापरली त्याच्या हाताशी थेट लागलेली तेवढीच एक गोष्ट तिथे असते. ती ‘कळकट’ म्हणून फाडून तिथे नवे मखमल डकवणे हे नूतनीकरण नव्हे, हा नाश आहे. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

तिसरी तक्रार म्यानांबद्दल. म्याने दोन उलट्या प्रकारांनी बिघडवली जातात. एकीकडे जीर्ण म्याने टाकून देतात, मोहनाळ आणि तहनाळ या म्यानाच्या तोंडावरच्या आणि टोकावरच्या पितळी-चांदीच्या टोप्या मात्र वेगळ्या काढून डब्यात भरतात, आणि कोणती कोणाची याची नोंद राहत नाही. दुसरीकडे तलवारी वर्षानुवर्षे म्यानातच ठेवतात. म्यानाचे कातडे ओलावा शोषते, लाकूड आणि कातडे दोन्हींतून आम्ल सुटते, आणि पाते आतल्या आत खात जाते. बाहेरून सगळे ठीक दिसते. मग एके दिवशी तलवार उपसायला जावे तर ती उपसत नाही आणि कोणीतरी जोर लावून म्यान फाडतो. पाते आणि म्यान शेजारी शेजारी, एकाच क्रमांकाखाली, पण वेगवेगळी ठेवायची असतात. एवढे साधे आहे.

चौथी तक्रार हवेची. स्वच्छ लोखंडसुद्धा हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने गंजू लागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे महिने ती ८० च्या वर असते. असे असून कित्येक शस्त्रदालनांत आर्द्रतामापक नाही. कपाटांत पीव्हीसीचे अस्तर असते, त्यातून हळूहळू आम्लवायू सुटतो. तलवारी भिंतीत ठोकलेल्या उघड्या लोखंडी खिळ्यांवर टेकवलेल्या असतात. ओल आलेल्या भिंतीला थेट पाते चिकटलेले असते. नूतनीकरणात यावर पैसा खर्च झालेला नाही, तो चकाकीवर झाला. आणि चकाकी टिकावी म्हणून वर वॉर्निश मारले आहे. वॉर्निशला बारीक चीर पडली की त्याखाली ओलावा अडकतो आणि केसासारख्या बारीक रेषांत गंज पसरतो, जो फडक्याने पुसता येत नाही.

पाचवी गोष्ट लिहिताना मला आपल्या सर्वांच्या भावनांची पूर्ण जाणीव आहे, कारण ती माझीही भावना आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झालीच पाहिजे. पण पात्यावर लिंबू कापणे, दही-दूध घालणे, ओले हळदीकुंकू लावणे यांनी पात्याला काय होते ते सांगायला हवे. लिंबाच्या रसाने पोलादावर काही मिनिटांत राखाडी डाग पडतो. दुधातली आणि ओल्या हळदीकुंकवातली आर्द्रता कोपऱ्यांत राहते, मुठीच्या नक्षीत शिरते, आणि दिवाळीपर्यंत तिथे तांबूस ठिपके उठतात. घामाने भरलेल्या हातांचे ठसेही तसेच राहतात, त्यातल्या क्षाराने बोटाच्या रेषा पात्यावर कोरल्या जातात. पूजा पाटावर ठेवलेल्या एका सुस्थितीतल्या शस्त्राची करावी, कुंकू पाटाला आणि फुले शस्त्रासमोर वाहावीत, आणि पूजेनंतर त्याच दिवशी पाते कोरड्या मऊ फडक्याने पुसून मेण लावावे. यात शस्त्राचा मान कमी होत नाही. आपल्या हातून त्याला इजा होऊ नये ही काळजी हीसुद्धा पूजाच आहे, असे मी मानतो.

सहावी तक्रार पाट्यांची, थोडक्यात. प्रत्येक सरळ पात्याला ‘शिवकालीन तलवार’ लिहिणे थांबवा. अठराव्या शतकातले पाते अठराव्या शतकातले आहे असे लिहिल्याने ते लहान होत नाही. आणि दुरुस्ती झाली असेल तर कधी, कोणी, कशाने केली हे पाटीवर नाही तरी नोंदवहीत असलेच पाहिजे.

सातवी आणि शेवटची. हे काम ज्यांच्या पिढ्यांनी केले त्या शिकलगारांना आपण दारातही घेतले नाही. ब्रिटिशांनी १८५७ नंतर लोकांची शस्त्रे काढून घेतली, १८७८ चा शस्त्र कायदा आला, आणि पात्यांना धार आणि झळाळी देणाऱ्या या समाजाचा धंदाच बसला. ते सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले, चाव्या करू लागले. तरीही काही घरांत लाख किती तापवायची, मूठ कुठे धरून फिरवायची, पाते कुठे आवाज करते हे अजून माहीत आहे. माझे उस्ताद पाते उचलून बोटाच्या नखाने टिचकी मारत आणि नुसत्या नादावरून आत तडा आहे की नाही सांगत. निविदा काढताना आपण सर्वांत कमी दर पाहता, आणि ते काम कठडे पॉलिश करणाऱ्याला मिळते. शिकलगारांचे हात आणि प्रशिक्षित संवर्धकाचे शास्त्र एकत्र बसले पाहिजे. एकटा शिकलगार धार लावण्याच्या सवयीने जास्त घासू शकतो, आणि एकट्या संवर्धकाला मुठीचे मर्म माहीत नसते. दोघे एका टेबलावर हवेत.

आपल्या अडचणी मला दिसतात. अनेक संस्थांकडे पूर्णवेळ अभिरक्षकही नाही, अनुदान वेळेवर येत नाही, दालनात येणाऱ्या मुलांना चकाकणारी तलवार आवडते आणि विश्वस्तांना मुलांच्या रांगा आवडतात. पण खरी निगा या पॉलिशपेक्षा स्वस्त आहे. मऊ ब्रश, सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे, जुने चिकट तेल उतरवण्यासाठी व्हाइट स्पिरिट, जिवंत गंज भिंगाखाली हलकेच उचलण्यासाठी बांबूची किंवा शिंगाची पट्टी आणि थेंबभर पातळ खनिज तेल. काळा थर आला की तिथेच थांबायचे. शेवटी संग्रहालयांत वापरले जाणारे मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ हाताने. जवसाचे तेल नको, ते हवेत घट्ट होऊन चिकटते आणि धूळ धरते. एवढ्या साहित्यात एक माणूस दिवसाला दोन-तीन पाती नीट करू शकतो. दिसायला ती लखलखीत होणार नाहीत. जुनी, सावळी आणि सुरक्षित दिसतील. मुलांना त्या सावळ्या पात्यावर तिरका दिवा धरून जौहर दाखवा, भिंगातून अक्षरे दाखवा. ती मुले तिथून हलणार नाहीत, हे मी शाळांच्या मुलांबरोबर अनुभवलेले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोक आपल्याकडे घरची तलवार का आणून देतात? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या धाकाने वाड्याच्या माळ्यावर सापडलेले पाते कोणी विहिरीत टाकतो, कोणी भंगारात देतो. ज्यांना हे दोन्ही करवत नाही ते आपल्या दारी येतात. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या अर्थानेही जपण्याची वस्तू आहेत. या लोकांचा आपल्यावरचा भरवसा उडाला तर पुढची तलवार संग्रहालयात येणार नाही, ती रात्री कोणा दलालाकडे जाईल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

जुन्या शस्त्रांवर चालू असलेले आणि ठरलेले सर्व यांत्रिक पॉलिश, आम्लाने धुणे, निकेल किंवा क्रोमचा मुलामा आणि वॉर्निश लावणे आजच थांबवावे. दिलेल्या निविदा रद्द कराव्यात. कोठीतली शस्त्रे जशी आहेत तशी राहू द्यावीत, आणखी काही महिने काळी राहिल्याने त्यांचे काही बिघडत नाही.

कोणत्याही शस्त्राला हात लावण्याआधी त्याची दोन्ही अंगे, पाठ, मुठीचा आतला भाग आणि प्रत्येक खूण तिरक्या उजेडात छायाचित्रित करावी, लांबी, वजन आणि तोलाचा बिंदू नोंदवावा. ही नोंद अभ्यासकांना पाहण्यासाठी खुली असावी. शस्त्रावर क्रमांक कोरू नये, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी.

काढलेले काहीही टाकू नये. जुनी लाख, गादीचे तुकडे, म्यानाच्या चिंध्या, सुटलेले रिव्हेट त्याच क्रमांकाच्या पाकिटात राहिले पाहिजेत. नवे जे घालाल ते पुढे निघेल असे असावे.

प्रशिक्षित धातू-संवर्धकाच्या लेखी सल्ल्याशिवाय आणि शस्त्र देणाऱ्या कुटुंबाला कळवल्याशिवाय कोणतेही काम करू नये. त्या कामात शिकलगारांना मानधन देऊन सोबत घ्यावे आणि त्यांच्याकडे तरुण शिकाऊ ठेवावेत.

प्रत्येक शस्त्रदालनात पुढच्या पावसाळ्याआधी आर्द्रतामापक लावावा, ५५ टक्क्यांखाली आर्द्रता राखण्याचा प्रयत्न करावा, आणि ते जमेपर्यंत सिलिका जेल असलेली बंद कपाटे वापरावीत. पाती म्यानाबाहेर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत.

ज्या संस्थेने नूतनीकरण केले आहे तिने आजवर कोणकोणत्या शस्त्रांवर काय केले याची यादी जाहीर करावी. आमच्या फिरंगेच्या बाबतीत, काम सुरू होण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रे असतील तर ती मला द्यावीत, म्हणजे परजेवरची ती चार अक्षरे निदान कागदावर राहतील. काढलेली गादी अजून कुठे पडली असेल तर ती शोधून त्याच क्रमांकाखाली परत ठेवावी. आणि ती तलवार पुन्हा कोणाच्या चाकाखाली जाणार नाही असे लेखी द्यावे.

ज्या संस्थेला हवे असेल तिच्या कोठीत मी येऊन बसायला तयार आहे. नोंदी करायला, मेण लावायला, ढिल्या मुठी लाखेने बसवायला माझे हात विनामूल्य आहेत. त्यासाठी कोणत्याही संस्थेने मला पत्र पाठवावे. कामाची पहिली अट एवढीच, की चाक त्या खोलीत नसावे.

या पत्राचे उत्तर पावसाळा सुरू होण्यापूर्वी लेखी आणि जाहीर मिळावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक शस्त्रसंग्राहक